पड मोडायची कुणी?

छावणी बंद करायची म्हणजे नेमकं काय करायचं, याची उत्तर युगांडात एक रीत ठरून गेली होती. रिकाम्या झोपड्या पाडायच्या, संडासाचे खड्डे बुजवायचे आणि जागा मूळ मालकाच्या ताब्यात द्यायची. २००६मध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यातलं युद्ध थांबलं आणि पुढच्या पाचेक वर्षांत अकरा जिल्ह्यांतल्या २५१ छावण्यांपैकी चार वगळता बाकी सगळ्या या रीतीनं बंद झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयानं जानेवारी २०१२मध्ये तिथल्या विस्थापितांसाठीचं आपलं काम आटोपल्याचं जाहीर केलं. ऐन भरात असताना या छावण्यांत अठरा लाखांवर माणसं होती. त्यांतली बहुतेक गावी परतली होती किंवा दुसरीकडे स्थिरावली होती.

पण अनेक छावण्यांत आजूबाजूच्या सगळ्या झोपड्या गेल्या तरी मधलीच एखादी उभी असायची. तिच्यात राहायची एखादी म्हातारी, कधी तिच्यासोबत दोन-तीन नातवंडं, कधी डोळे गेलेला म्हातारा. ज्याच्या जमिनीवर छावणी वसली होती तो मालक जागा रिकामी करून मागत होता. पाण्याचा हातपंप आणि दवाखाना छावणीत होता. गावी यातलं काहीच नव्हतं. सरकारी दफ्तरात या माणसांसाठी एक वर्ग तयार झाला, ‘अत्यंत असुरक्षित व्यक्ती’. त्यांच्या याद्या झाल्या आणि त्यांना गावी झोपडी बांधून देण्याचे कार्यक्रम आखले गेले. ते आवश्यकच होते. मात्र या वर्गीकरणात एक गोष्ट कायमची बसून गेली. म्हातारा माणूस हा जगवायचा माणूस ठरला, कमावता माणूस म्हणून त्याची नोंद कुठेच झाली नाही. हा लेख त्या न झालेल्या नोंदीबद्दल आहे.

मराठी वाचकाला युगांडा म्हटलं की इदी अमीन आठवतो, आणि १९७२मध्ये नव्वद दिवसांत देश सोडायला लागलेले आशियाई. त्यानंतरचं युगांडा आपल्याकडे फारसं कुणी वाचलं नाही. आपणच नव्हे, जगानंही नाही. संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य-प्रमुख यान एगेलंड नोव्हेंबर २००३मध्ये उत्तर युगांडात जाऊन आले आणि जगातलं सर्वांत मोठं दुर्लक्षित संकट या शब्दांत त्यांनी त्याचं वर्णन केलं, तेव्हा ते युद्ध सोळा-सतरा वर्षांचं झालेलं होतं.

जानेवारी १९८६मध्ये योवेरी मुसेवेनी यांनी कंपाला घेतलं. पाडाव झालेल्या फौजेत उत्तरेकडच्या अचोली जमातीचे सैनिक बरेच होते. ते घरी पळाले, नव्या फौजेनं त्यांचा पाठलाग केला आणि उठाव सुरू झाले. त्यांतलाच एक पुढे जोसेफ कोनी याच्या ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’च्या रूपानं वीस वर्षं टिकला. कोनी लढला अचोलींच्या नावानं आणि मारली, पळवली ती मुख्यतः अचोलींचीच मुलं. मुलं पळवून त्यांच्या हाती बंदूक द्यायची, हा त्याच्या फौजेचा भरतीचा मार्ग होता. २००४च्या सुमारास चाळीस हजारांपर्यंत मुलं रोज संध्याकाळी चालत शहरात येऊन दुकानांच्या ओट्यांवर, दवाखान्यांच्या आवारात झोपत आणि उजाडलं की परत जात. ही छायाचित्रं जगभर गेली. त्या मुलांना रोज वाटेला लावून मागे झोपडीत राहणाऱ्या आज्यांचं छायाचित्र कुणी काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

म्हाताऱ्यांचं पहिलं दिवाळं मात्र छावण्यांच्या आधीच निघालं होतं. अचोलींची संपत्ती म्हणजे गुरं. नांगराला बैल, लग्नात वधूमूल्याला गाई, पोराच्या फीसाठी एखादा गोऱ्हा, आणि हातपाय थकल्यावर उरलेला कळप. युद्धाच्या पहिल्या काही वर्षांत हा कळप गेला. पूर्वेकडच्या कारामोजोंग लोकांनी बंदुका घेऊन धाडी घातल्या. सैनिकांनी आणि बंडखोरांनीही हात धुऊन घेतले, असं अचोली आजही सांगतात. रॉबर्ट गेर्सनी यांनी १९९७मध्ये अमेरिकेसाठी केलेल्या पाहणीत गुलू आणि किटगुम या दोन जिल्ह्यांतल्या गुरांचा हिशोब आहे. १९८५मध्ये सुमारे २,८५,००० गुरं, बारा वर्षांनी उरली ५,०००. ज्या माणसानं आयुष्यभर राबून आपल्या म्हातारपणाची तजवीज गोठ्यात करून ठेवली होती, त्याची पेन्शन एका पावसाळ्यात कुणीतरी हाकून नेली. कागदावर याची नोंद नाही, कारण गोठ्याला पासबुक नसतं.

मग छावण्या. १९९६मध्ये सैन्यानं लोकांना खेड्यांतून उठवून रस्त्याकाठच्या छावण्यांत आणायला सुरुवात केली. सरकारी भाषेत ही ‘संरक्षित खेडी’ होती. ऑक्टोबर २००२मध्ये तर अठ्ठेचाळीस तासांत खेडी सोडा, असाच हुकूम निघाला. अचोलींपैकी जवळजवळ नव्वद टक्के लोक छावण्यांत आले. पाब्बोसारख्या छावणीत साठ हजारांवर माणसं. झोपड्यांची छपरं एकमेकांना टेकलेली, उन्हाळ्यात एका चुलीची ठिणगी उडाली की रांगच्या रांग जळायची. युगांडाचं आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २००५मध्ये पाहणी केली तेव्हा अचोली भागात दर आठवड्याला नेहमीपेक्षा हजाराच्या आसपास जास्त मृत्यू होत असल्याचं आढळलं. त्यांतले बहुतेक मलेरियानं, हगवणीनं आणि एड्‌सनं झालेले होते. गोळीनं मेलेले त्यामानानं थोडे होते. संशोधक क्रिस डोलन यांनी या छावण्यांवर जे पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकातच ‘सामाजिक छळ’ असा शब्द आहे, आणि तो वाढवून सांगितलेला वाटत नाही.

शेत दोन-चार मैलांवर, पण तिकडे जायची बंदी. गेलात तर बंडखोर पकडतील, नाहीतर सैनिक तुम्हालाच बंडखोर समजतील. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या ट्रकमधून उतरणारा मका, डाळ आणि तेल हीच शेती. यात सर्वांत मोठं नुकसान झालं ते कुठल्याच अहवालात आकड्यानं मांडता येत नाही. अचोली घरात रात्री जेवणानंतर अंगणात शेकोटी पेटायची. तिला ‘वांग-ओ’ म्हणतात. तिच्याभोवती म्हातारी माणसं नातवंडांना गोष्टी सांगायची. त्या गोष्टींत आपलं कूळ कुठून आलं हे असायचं, आणि कुठल्या ओढ्यापर्यंत आपली जमीन, कुठलं बी कुठल्या पावसाला टाकायचं हेही असायचं. छावणीत अंगण नव्हतं आणि रात्री जाळ करायला मनाई. १९९६मध्ये पाच वर्षांचा असलेला मुलगा २००८मध्ये सतरा वर्षांचा होऊन गावी परतला. त्याला कुदळ कशी धरतात हे ठाऊक नव्हतं, आणि आपलं गाव नेमकं कुठे हे तर नाहीच नाही.

आता परतीकडे येऊ.

घर बांधायला माती, वासे आणि गवत लागतं. अचोली झोपडी गोल. भिंती मातीच्या कच्च्या विटांच्या आणि वर गवताचं शंकूसारखं छप्पर. गवत कापायचं ते सुगीनंतरच्या कोरड्या महिन्यांत, बायकांनी. छप्पर शाकारायचं पुरुषांनी. विटा पाडायला पाणी वाहून आणायचं. सत्तरीच्या विधवेला यातलं एकही काम एकटीनं होण्यासारखं नाही, आणि मदतीला येणाऱ्याला निदान जेवण आणि दारू तरी द्यावीच लागते. याद्यांतल्या वृद्धांना संस्थांनी झोपड्या बांधून दिल्या, त्या याच कारणानं. झोपडी झाली. सोबत परतीचा संच मिळाला, त्यात कुदळी, बियाणं आणि काही भांडी. फोटो निघाला. आणि मग म्हातारी अंगणातून शेताकडे बघते, तर तिथे दहा-पंधरा वर्षांत माणसाच्या डोक्यावर गेलेलं गवत, काटेरी झुडपं आणि मनगटाएवढ्या खोडांची झाडं.

पड मोडणं म्हणजे काय, हे कोरडवाहू गावात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. आधी झाडं तोडायची, मग जाळायचं, मुळं खणून काढायची, आणि मग कुठे पहिली खांदणी. धडधाकट जोडप्याचा यात अख्खा हंगाम जातो. बियाणं दिलं पण ते टाकायला जमीन मोकळी नाही, म्हणून कित्येकांनी ते बियाणं शिजवून खाल्लं. यावरून त्यांना नावं ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा हातात कुदळ धरून पाहायला हवी होती. संचात बी होतं, अवजार होतं, मजुरी तेवढी नव्हती. म्हाताऱ्या शेतकऱ्याला नेमकी तीच हवी होती.

अचोलींकडे यावर जुना उपाय होता, आणि तो आपल्याकडेही होता. अवाक किंवा अलेया म्हणजे आपली सावड किंवा इर्जिक. आज सगळे मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. त्याची आखणी करायला ‘रवोत क्वेरी’ असतो, कुदळीचा मुखिया. कुणाच्या शेतात कधी जमायचं, कोण आला नाही, बांध कुणाचा कुठे, हे सगळं त्याच्याकडे. छावण्यांच्या वर्षांत ही माणसं होती पण त्यांच्या हाती शेतच नव्हतं. परतीनंतर अवाक पुन्हा सुरू झाले. पण सावडीचा हिशोब श्रमाचा असतो. जो राबू शकतो त्याच्याकडे राबायला लोक येतात. युद्धाआधी म्हाताऱ्याच्या वतीनं त्याचे मुलगे राबत. आता मुलगा मेलेला, पळवलेला किंवा गुलूत मोटारसायकलवर भाड्यानं माणसं वाहणारा. सावडीत घालायला आजीकडे हात नव्हते.

जिथे कामं अकलेनं झाली तिथे मदतीचा पैसा याच फटीत घातला गेला. दहा-पंधरा घरांच्या गटाला एक बैलजोडी आणि नांगर द्यायचा, आणि गटातल्या म्हाताऱ्यांची जमीन आधी नांगरून द्यायची अट घालायची. किंवा पड मोडायची मजुरी रोख द्यायची, ती गावातल्याच तरुणांना. म्हणजे पोराला पैसा मिळतो आणि आजीला शेत. ही काही थोर कल्पना नाही, पण ती सुचायला आजी ही शेतकरी आहे हे आधी मान्य करावं लागतं. शेळ्या-कोंबड्यांचंही तसंच. गाय हे मानाचं जनावर खरं, पण म्हातारीला ती आवरत नाही आणि मेली तर सगळंच गेलं. दोन शेळ्या अंगणात राहतात, नातू हाकतो आणि अडीअडचणीला एक विकता येते.

मोठा पैसा मात्र वेगळ्या वाटेनं गेला, आणि त्याचे आकडे चोख उपलब्ध आहेत कारण त्यावर नामांकित अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केले. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या उत्तर युगांडाच्या सामाजिक निधीतून २००६मध्ये तरुणांच्या गटांना रोख अनुदान देण्याची योजना निघाली. वय १६ ते ३५. माणशी सरासरी ३८२ डॉलर, व्यवसाय शिकायला आणि अवजारं घ्यायला. अर्ज केलेल्या ५३५ गटांतून सोडत काढली गेली. चार वर्षांनी पाहिलं तर पैसे मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. (नऊ वर्षांनी दोघांची कमाई जवळजवळ सारखी झाली, पण या दुसऱ्या निष्कर्षाचा गाजावाजा पहिल्याइतका झाला नाही.) दुसरी योजना किटगुम आणि गुलूच्या १२० गावांतली. अठराशे गरीब माणसांना, त्यांत बहुतेक तरुण बायका, दीडशे डॉलर, काही दिवसांचं प्रशिक्षण आणि नंतर अधूनमधून भेट देणारा मार्गदर्शक. दीड वर्षाच्या आत त्यांची कमाई दुपटीच्या घरात गेली. त्यांचं सरासरी वय सत्तावीसच्या आसपास होतं.

या अभ्यासांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. युद्धातून बाहेर पडलेल्या अडाणी, गरीब माणसाच्या हाती बिनशर्त पैसा दिला तर माणूस तो उधळत नाही, धंद्यात घालतो. पण हे सिद्ध झालं ते फक्त तरुणांबाबत, कारण पैसा फक्त तरुणांना दिला होता. रिकामा तरुण पुन्हा बंदूक उचलेल ही भीती देणगीदारांच्या मनात होती. साठीच्या बाईपासून कुणाच्या राज्याला धोका नव्हता. ज्याची भीती वाटते त्याला भांडवल आणि ज्याची वाटत नाही त्याला घोंगडी, असा हा सरळ हिशोब होता. त्याआधी, २००२मध्ये, माद्रिदला भरलेल्या वार्धक्यविषयक जागतिक परिषदेत देशोदेशींच्या सरकारांनी एकमतानं मान्य केलं होतं की आपत्तीनंतर वृद्धांना आपल्या पायावर उभं राहण्यासाठी उत्पन्नाची साधनं द्यावीत आणि पुनर्बांधणीत त्यांचा वाटा असावा. मान्य करणाऱ्यांत देणगीदार देशही होते. पण योजनांच्या अर्जावरची वयाची अट काही हलली नाही.

तरीही म्हाताऱ्यांनी आपापलं काही उभं केलंच, आणि ते बहुधा जुन्या विद्येवर. अचोलींच्या शेतात काय पिकतं ते पाहिलं तर मराठवाड्यातला शेतकरी तिथे परका ठरणार नाही. तीळ, ज्वारी, नाचणी, तूर आणि भुईमूग. तीळ-दाण्याची भाजून वाटलेली पेस्ट घालून शिजवलेली मालाक्वांग नावाची आंबट पालेभाजी आपल्या अंबाडीच्या गोतातली. कुठला तीळ लवकर येतो, कुठली तूर दुसऱ्या वर्षीही फुटते, हे म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ होतं आणि छावणीत वाढलेल्या सुनांना नव्हतं. सुनांना नांगरट, पेरणी, मळणी शिकवणाऱ्या मास्तरीण म्हणजे घरोघरच्या आज्याच. कृषी खात्याच्या पगारपत्रकावर त्यांतली एकही नव्हती.

शियाच्या झाडाचं उदाहरण यात मला सर्वांत बोलकं वाटतं. शिया आणि आपला मोह ही एकाच वनस्पतिकुळातली झाडं. हे झाड लावत नाहीत, आपोआप उगवतं आणि फळायला पंधरा-वीस वर्षं घेतं. म्हणजे आज ज्याचं फळ वेचायचं ते आजोबांनी तोडायचं टाळलेलं असतं. युद्धाच्या काळात शेतं पडीक पडली, पण ही झाडं उभी राहिली. परतल्यावर पहिल्याच उन्हाळ्याअखेरीस, पड मोडायच्या आधी, मिळणारं पीक हेच. पहाटे उठून झाडाखालची गळलेली फळं वेचायची. गर खाऊन टाकायचा, बिया उकडून उन्हात वाळवायच्या, कवच फोडून आतला गर पुन्हा वाळवायचा, भाजायचा, उखळात कांडायचा, दगडावर वाटायचा. चॉकलेटी लगदा तयार होतो. तो पाण्यात घालून मंद आचेवर ठेवला की तेल वर येतं, ते अलगद काढायचं. अति भाजलं तर तेल कडू, कमी भाजलं तर सुटतच नाही; हा अंदाज हाताला असतो, मोजमापात नाही. या तेलाला अचोलीत ‘मो या’ म्हणतात. ते जेवणात चालतं, बाळाच्या अंगाला चालतं, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात चांगला भाव खातं. बसून करायचं काम, कुठल्याही वयात जमणारं. बायकांच्या गटांना घाणा आणि गिऱ्हाईक मिळालं तिथे साठीच्या पुढच्या बायका रोख पैसा हाती घेऊ लागल्या.

पण कंपालाला स्वैपाकासाठी कोळसा हवा असतो, आणि शियाच्या लाकडाचा कोळसा उत्तम होतो. परतलेल्या तरुणाला झाड म्हणजे आठवड्यात मिळणारे पैसे, आणि आजीला झाड म्हणजे दरवर्षीचं तेल. अनेक ठिकाणी आजी हरली. मे २०२३मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून उत्तरेतल्या व्यापारी कोळसानिर्मितीवर बंदी घातली, तोवर असंख्य झाडं ट्रकांतून गेली होती.

झाडाचं जे, तेच जमिनीचं. अचोली प्रदेशात बहुतेक जमीन कुळाच्या रूढीनं धरलेली. सातबारा नाही, मोजणीचा नकाशा नाही. १९९८च्या जमीन कायद्यानं रूढीच्या हक्काला मान्यता दिली, पण तो हक्क लिहिलेला असतो तो म्हाताऱ्यांच्या डोक्यात. ओढा, वारूळ, जुनं उंबरासारखं झाड, आजोबांची कबर. परतीनंतर जमिनीच्या भांडणांना ऊत आला, तेव्हा पंच आणि न्यायाधीश दोघेही बांध दाखवायला म्हाताऱ्यांनाच घेऊन शेतात जाऊ लागले. छावणीत जे ओझं ठरले होते ते एकाएकी दस्तऐवज झाले. काही संस्थांनी यातून शहाणपणाचं काम केलं. सगळ्या शेजाऱ्यांना एकत्र उभं करून, म्हातारा सांगेल त्या रेषेवर बांधाची झाडं लावली आणि सह्या-अंगठे घेतले. साक्षीदार जिवंत असेतो जबानी घेऊन ठेवण्याचाच हा प्रकार.

म्हाताऱ्यांना देव्हाऱ्यात बसवायचं मात्र कारण नाही. काही म्हाताऱ्यांनी कुळाची जमीन परस्पर विकली. विधवा वहिनीला आणि तिच्या मुलींना हुसकावणारे दीर हेही पिकल्या केसांचेच होते. रूढी सांगते की विधवेचा हक्क कुळानं राखायचा. पण रूढीची आठवण करून देणारी सासू छावणीत मेलेली असली की रूढी पुरुषांच्या सोयीनं आठवते. वृद्ध स्त्रीला मदत करायची तर तिला आधी जमिनीवर टिकवून धरावं लागतं. शेळ्या त्याच्या नंतर.

या बायका गप्प बसणाऱ्या नव्हत्या, याचा एक प्रसंग युगांडात सर्वतोमुखी आहे. अमुरू जिल्ह्यात माधवानी समूहानं उसाच्या मळ्यासाठी आणि साखर कारखान्यासाठी चाळीस हजार हेक्टर जमीन मागितली होती. (हे मूळचं गुजराती घराणं. अमीननं त्यालाही देशाबाहेर काढलं होतं, पुढे ते परत आलं. विस्थापितांनी विस्थापितांच्या जमिनीसमोर येऊन उभं राहावं, असा हा योग.) सरकारचा पाठिंबा होता, उद्योग येईल, रोजगार येईल, हे सगळं तिथेही सांगितलं गेलं. २०१२च्या एप्रिलमध्ये अधिकारी आणि मोजणीदार आले तेव्हा गावातल्या वयस्क बायकांनी त्यांच्यासमोर अंगावरचे कपडे उतरवले. आईच्या वयाच्या बाईनं रागानं नग्न होणं हा अचोलींत सर्वांत मोठा शाप. तीन वर्षांनी, २०१५मध्ये, अपा इथल्या सीमेच्या वादात मंत्र्यांसमोर पुन्हा तेच झालं. ‘अत्यंत असुरक्षित व्यक्ती’ या यादीत ज्यांची नावं सहज बसली असती अशा या बायका.

म्हाताऱ्यांच्या हाती थेट पैसा देण्याचं सर्वांत मोठं काम शेवटी युगांडा सरकारनंच केलं, आणि ते युद्धग्रस्तांसाठी म्हणून केलेलं नव्हतं. ज्येष्ठ नागरिक अनुदान २०११च्या सुमारास मोजक्या जिल्ह्यांत सुरू झालं. वय ६५ पूर्ण, सदैव दुष्काळी कारामोजात ६०. दरमहा २५,००० शिलिंग. रक्कम किरकोळ आहे, पण आपल्याकडे केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा अजून दोनशे रुपयेच आहे, हे लक्षात घेता त्यांना हसण्याआधी विचार करावा. या पैशाचं म्हाताऱ्यांनी काय केलं? आधी खाणं आणि नातवंडांची फी. मग शेळ्या, आणि शेतात लावलेला मजूर. परतीच्या संचात जो नव्हता तोच मजूर आता आजी स्वतः लावू लागली. सावडीत पुन्हा तिची जागा झाली, कारण आता ती जेवण घालू शकत होती. बचत गटाच्या तीन कुलपांच्या पेटीत आठवड्याचा हप्ता टाकणाऱ्यांतही तिचं नाव आलं. तीन किल्ल्या तिघांकडे, पेटी चौथ्याकडे, आणि वर्षाअखेरीस सगळ्यांसमोर वाटणी. महिन्याला ठरावीक पैसा येणाऱ्या माणसाला गट नाही म्हणत नाही.

मग पैसा कमी पडायला लागला. योजना नव्या जिल्ह्यांत नेताना प्रत्येक उपजिल्ह्यातल्या सर्वांत वयस्क शंभर जणांनाच ती द्यायचं ठरलं. गावात कोण जास्त म्हातारं याची शर्यत लागली. पुढे देशभर योजना लागू झाली ती वयाची अट ८०वर नेऊन. आधीपासून मिळत होतं त्यांचं तेवढं चालू राहिलं. जिचा जन्म झाला तेव्हा कुणी तारीख लिहिली नाही त्या बाईचं वय ठरतं राष्ट्रीय ओळखपत्रावर, आणि ते ओळखपत्र करताना कारकुनानं अंदाजानं जे टाकलं ते. चेहऱ्यावर ऐंशी आणि कार्डावर अडुसष्ट, अशा माणसांच्या तक्रारींवर २०२१मध्ये मानवी हक्क संस्थांनी अहवाल काढला. आता २०२२पासून पॅरिश विकास योजनेत गावपातळीवरच्या कर्जनिधीतला दहा टक्के वाटा वृद्धांसाठी राखलेला आहे. कर्ज म्हणजे अनुदान नव्हे, आणि गावातल्या राजकारणातून तो वाटा किती पोचतो हा प्रश्न आहेच. पण सरकारी कागदावर म्हातारा माणूस कर्ज घेणारा, म्हणजे कमावणारा म्हणून आला, याला मी किंमत देतो.

नुकसानभरपाईची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. गेलेल्या गुरांसाठी दावेदारांची संघटना झाली, आश्वासनं झाली, रक्कम हप्त्याहप्त्यानं आली, आणि रांगेतले दावेदार म्हातारपणानं गळत गेले. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं कोनीचा सेनानी डॉमिनिक ओंग्वेन याला २०२१मध्ये दोषी ठरवून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. त्यालाही लहानपणीच पळवून नेलेलं होतं. पाजुले, ओडेक, लुकोडी आणि अबोक या छावण्यांवरचे हल्ले २००३-०४मधले. पीडितांना भरपाईचा आदेश निघाला २८ फेब्रुवारी २०२४ला. अंदाजे ४९,७७२ पीडित, एकूण सव्वापाच कोटी युरोंच्या आसपास, त्यात प्रत्येकाला प्रतीकात्मक ७५० युरो आणि बाकी सामूहिक पुनर्वसनासाठी. ओंग्वेनकडे दमडी नाही, म्हणून पैसा पीडित निधीनं देणग्या मागून जमवायचा. हल्ल्याच्या वेळी पन्नाशीत असलेली बाई आदेश निघाला तेव्हा सत्तरीची होती. तिच्या मुलाला साडेसातशे युरो मिळाले तर तो मोटारसायकलच्या दुरुस्तीला लावील. तिला मिळाले असते तर पड मोडून घेता आली असती, परतीच्या वेळी.

याच अचोली भूमीत, लामवो जिल्ह्यात, एप्रिल २०१७मध्ये पालाबेक ही निर्वासितांची वसाहत उघडली. सीमेपलीकडच्या दक्षिण सुदानातून आलेले लोक, त्यांतले काही अचोलीच बोलणारे. वसाहतीची जमीन कुळांच्या वडीलधाऱ्यांशी बोलणी करून मिळाली, म्हणजे कालपर्यंत स्वतः छावणीत राहिलेल्या माणसांकडून. प्रत्येक कुटुंबाला घर आणि परसासाठी साधारण तीस मीटर बाय तीस मीटरचा तुकडा. त्याहून जास्त पेरायचं तर शेजारच्या गावातल्या कुळाकडे जायचं. बोली तीन तऱ्हेच्या. रोख भाडं, पिकात वाटा, नाहीतर पड मोडून द्यायची आणि एक-दोन हंगाम पीक आपलं. जागतिक अन्न कार्यक्रमानं २०२३मध्ये पैशाअभावी निर्वासितांचे तीन वर्ग केले. सर्वांत गरजू ठरलेल्यांना साठ टक्के शिधा, मधल्यांना तीस, तिसऱ्यांना काही नाही. दक्षिण सुदानातून नातवंडांना घेऊन एकटी आलेली आजी पहिल्या वर्गात बसलीच, तर शिध्याचे साठ टक्के तिच्या पदरात पडत. उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी ती कुळाकडे जाई तेव्हा तिच्याकडे रोख नसे, आणि पड मोडायला घरात कुणी नसे. पिकातला वाटा ही एकच बोली तिला परवडणारी, आणि तीही नांगर कुणी दिला तरच.